वस्तुसंग्रहालयाचं शिक्षण घ्यायचंय? आधी तालमीतल्या दहा वस्तूंची नोंद कर

प्रश्न थोडक्यात असा: "मी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. शाळेच्या सहलीत टाऊन हॉलचं संग्रहालय पाहिलं तेव्हापासून याच क्षेत्रात जावंसं वाटतं. घरचे म्हणतात, बी.एड. कर नाहीतर एमपीएससी दे, संग्रहालयात कोण नोकरी देतंय? हे शिक्षण नेमकं काय असतं, कुठं मिळतं, आणि त्यासाठी कोल्हापूर सोडावंच लागेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. या विषयाची जुनी, नावाजलेली केंद्रं कोल्हापूरबाहेर आहेत, त्यामुळं पदवीसाठी बाहेर पडावं लागेल. पण हे काम आपल्याला जमतंय का, आवडतंय का, हे कळायला गाव सोडायची गरज नाही. मी तीसेक वर्षं हेच काम केलं. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी फी भरण्याआधी एक काम देते. ते काय, ते शेवटी सांगते.

क्युरेटर म्हणजे दालनात उभं राहून पाहुण्यांना माहिती सांगणारा माणूस, असं बहुतेकांना वाटतं. आपल्याकडं सरकारी भाषेत त्याला अभिरक्षक म्हणतात आणि मला तो शब्द जास्त खरा वाटतो. वस्तू तुझ्या मालकीची नसते, पण ती हरवली, फुटली, तिला बुरशी लागली तर उत्तर तुला द्यायचं असतं. आठवड्यातले बरेचसे दिवस भांडारात जातात. कपाटं उघडायची, वस्तू नोंदवहीशी ताडून बघायच्या, कागदांत कसर शिरली नाही ना, मांडणीच्या पायाशी वाळवीची माती दिसत नाही ना, ते तपासायचं. प्रदर्शन लागतं वर्षातून एकदोनदा. तुला त्या एकदोनदाचीच ओढ असेल तर आत्ताच विचार कर. मला स्वतःला भांडारातले दिवस जास्त आवडले.

मी बडोद्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकापुढं एकेक वस्तू ठेवली. माझ्या वाट्याला पितळी पातेलं आलं. तासभर बघा आणि लिहा, एवढंच सांगितलं. मी पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले: पितळी पातेलं, जुनं, घरगुती वापराचं, स्थिती चांगली. सरांनी वही परत दिली. जुनं म्हणजे किती, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं, एवढंच विचारलं.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा पातेलं दिसायला लागलं. आतली कल्हई तळाला उडालेली, कडांना शाबूत. म्हणजे शेवटची कल्हई केल्यावरही ते बरेच दिवस चुलीवर चढत होतं. बाहेरून काजळीचा थर एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. काठावर एकाच ठिकाणी बारीक बारीक चेपे, पळी झटकून झटकून पडलेले. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव, पुढं गावाचं पहिलं अक्षर. आपल्या आज्यांच्या भांड्यांवर असतं तसंच. कधी घेतलं, कुणी दिलं, लग्नातलं की बाजारातून आणलेलं, हे पातेलं सांगत नव्हतं. ते देणाऱ्याला विचारायला हवं होतं, आणि ज्यानं ते संग्रहालयात घेतलं त्यानं त्या दिवशी ते विचारून लिहून ठेवलं होतं. नोंदवहीत दोन ओळी सापडल्या. त्या दोन ओळी वाचल्यावर मला हा विषय कळला.

या शिक्षणाचा गाभा ही नोंद आहे. वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो. समजा २०२४.१४.३, म्हणजे २०२४ साली आलेल्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. तोच क्रमांक वस्तूवर, नोंदवहीत आणि कपाटाच्या यादीत. धातू किंवा मातीच्या भांड्यावर आधी पॅरालॉइड नावाच्या पारदर्शक रेझिनचा छोटा पट्टा लावायचा, तो वाळला की त्यावर बारीक अक्षरांत क्रमांक, आणि वरून पुन्हा एक हात. उद्या काढायचा झाला तर मूळ वस्तूला धक्का न लावता निघाला पाहिजे. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन सैल टाक्यांनी टाचायची. कागदाला मागच्या बाजूनं मऊ पेन्सिल. चिकटपट्टी कशालाच नाही, कधीच नाही.

याचं महत्त्व मला पुस्तकानं शिकवलं नाही. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. मी जिथं होते तिथं मोठे पाहुणे येणार म्हणून तांब्यापितळेची अठरा भांडी चिंच-मीठ लावून घासायला काढली. मी नवी होते, गप्प राहिले. भांडी झळझळीत झाली आणि बुडाशी साध्या शाईनं लिहिलेले अठराही क्रमांक धुऊन गेले. नोंदवहीतली वर्णनं माझ्या त्या पहिल्या पाच मिनिटांसारखी होती: ताम्हन, तांब्याचे, एक. ताम्हनं होती सहा. महिनाभर मापं घेऊन, जुने फोटो बघून अकरा भांड्यांची ओळख लागली. उरलेली सात कुठल्या गावची, कुणाच्या घरची, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, हे मला आजही लागतं. म्हणून अभ्यासक्रम निवडताना माझी पहिली कसोटी एकच आहे: तिथं मुलांच्या हातात खऱ्या वस्तू देतात की नुसत्या पडद्यावर दाखवतात?

आता टाऊन हॉलकडं येऊ. १८७० च्या दशकात मेजर मँट यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली ही इमारत. संग्रहालय सुरू झालं १९४६ साली, आणि त्याला कारण ठरलं पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीचं उत्खनन. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं केलेलं काम या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचावं. ब्रह्मपुरीच्या ब्राँझच्या वस्तूंतली सगळ्यांत गाजलेली म्हणजे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती, हातात मावेल एवढी. तू सहलीत ती पाहिली असशील, पण थांबली नसशील. शाळेच्या रांगेत कोण थांबतं?

ही मूर्ती कुणी बाजारात विकायला आणली असती तर तिची किंमत "रोमन बनावटीची मूर्ती, एक नग" एवढीच झाली असती. ती सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांत, इतर ब्राँझच्या वस्तूंबरोबर सापडली आणि तसं लिहून ठेवलं गेलं, म्हणून ती कोल्हापूरचा दोन हजार वर्षांमागचा व्यापार सांगते. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी याच मूर्तीची पाटी लिहायला देते. पहिल्या खेपेला बहुतेक जण असं लिहितात: "पोसायडन. ब्राँझ. सातवाहन काळ. ब्रह्मपुरी." चूक काहीच नाही, पण कागलहून आलेली आजी ते वाचून पुढं जाते. मग खोडत खोडत कुणी इथवर येतं: "हा ग्रीकांचा समुद्रदेव. कोल्हापूरला समुद्र नाही, तरी हा पंचगंगेकाठी मातीखाली सापडला. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर यायचा. हा देव त्याच वाटेनं आला असावा." शेवटच्या वाक्यातला "असावा" माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा. जेवढं माहीत आहे तेवढं ठामपणे आणि उरलेलं अंदाज म्हणून लिहायचं. पन्नासेक शब्दांत हे साधायला माझी मुलं आठवडा घेतात.

ब्राँझवरून आठवलं, जतनाचा भाग. ब्राँझच्या मूर्तीवर फिकट हिरवी, पावडरीसारखी भुकटी दिसली की तिला ब्राँझचा रोग म्हणतात. मातीतले क्लोराइडचे क्षार धातूत शिरलेले असतात आणि दमट हवा मिळाली की ते आतून धातू खायला लागतात. जुना गडद हिरवा थर आणि हा रोग यांतला फरक डोळ्यांनी ओळखता यावा लागतो. गडद थर घट्ट असतो, त्याला हात लावायचा नाही. रोगाची पावडर बोटाला लागते. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत काचपेटीत ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवणं आणि ते वेळच्या वेळी वाळवून परत घालणं हे कंटाळवाणं काम कुणीतरी नेमानं करावंच लागतं. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्यासारख्यांची कागदावरची चित्रं असतील तर उजेडही मोजावा लागतो. जलरंग, कागद, कापड यांना ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलचित्रांना २०० पर्यंत. दालन अंधारं का, म्हणून लोक तक्रार करतात. त्यांना कारण समजावून सांगणं हेही आपलंच काम.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत लोक माझ्याकडं भिजलेल्या गोष्टी घेऊन आले. शुक्रवार पेठेतले एक निवृत्त शिक्षक वडिलांच्या मोडीतल्या चोपड्या प्लॅस्टिकच्या टबात घालून रिक्षानं आले. त्यांच्या सूनबाईंनी त्या गच्चीत उन्हात पसरायला घेतल्या होत्या. सुदैवानं ऊन नव्हतं. कडक उन्हात कागद वाकतो, शाई फुटते, पानं एकमेकांना चिकटून वीट होते. आम्ही खोलीत पंखे लावले, दर आठदहा पानांनी टिपकागद घातला, तो भिजला की बदलला. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्या वेळात जमेल तेवढ्या वाचवल्या. उरलेल्या पिशव्यांत बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या, म्हणजे बुरशी थांबते आणि नंतर सवडीनं एकेक काढता येते. फ्रीजर आइस्क्रीमवाल्याचा होता, त्यानं दोन महिने जागा दिली आणि पैसे घेतले नाहीत. पंचगंगेच्या काठी राहून हे काम करणाऱ्यानं पुराची तयारी एप्रिलमध्येच केलेली असावी: कुठली वस्तू आधी उचलायची, कुठल्या मजल्यावर न्यायची, किल्ली कुणाकडं.

आता कुठं शिकायचं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, देशातला पहिला. एम.ए. दोन वर्षांचं. बडोदा संग्रहालय त्याच शहरात, सयाजीबागेत आहे, त्यामुळं वर्गातलं तिथं जाऊन पडताळता येतं. आणि बडोदा आपल्याला परकं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पत्नी लक्ष्मीबाई तिथल्याच खानविलकरांच्या, आणि मराठी बोलणारी माणसं तुला तिथं सहज भेटतील. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्र आणि जतन यावरचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. चालत्या, मोठ्या संग्रहालयाच्या आत बसून शिकण्याचा फायदा तिथं मिळतो. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधुनिक कला आणि क्युरेशनकडं कल असणाऱ्यांसाठी. कोलकाता विद्यापीठात १९५९ पासून हा विषय शिकवतात. दिल्लीचं नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज म्हणून नोएडात आहे, तिथं कलेतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र अशा तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. परदेशात इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचं नाव मोठं, पण तो खर्च आज डोक्यात घेऊ नकोस.

तुझ्याकडं बघून मी बडोद्याचं एम.ए. सांगेन. इतिहासाचा पाया आहे, आणि नोंद, मांडणी, शिक्षण, व्यवस्थापन असं सगळं एकत्र शिकायला दोन वर्षं हवीतच. तुझ्या एखाद्या मैत्रिणीनं बी.एस्सी. रसायनशास्त्र केलं असेल आणि तिला हातानं काम करायला आवडत असेल, तर तिनं जतनाकडं जावं. लखनौला १९७६ पासून सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, तिथं प्रशिक्षण मिळतं. चांगल्या जतनतज्ज्ञांची आपल्या भागात फार उणीव आहे, मला प्रत्येक वेळी बाहेरून बोलवावे लागले. प्रवेशाच्या अटी आणि तारखा त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघ, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

अभ्यासक्रमातला संग्रहालयांचा इतिहास वाचून होतो, त्याचं दडपण घेऊ नकोस. कायदा मात्र नीट शीक. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांवरच्या मूर्ती, नाणी वगैरेंना लागू होतो. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. ठरावीक प्रकारच्या वस्तू घरात असल्या तरी त्यांची नोंदणी करावी लागते आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कोणी प्रेमानं देवघरातली जुनी मूर्ती संग्रहालयाला द्यायला आणतं, तेव्हा ती घेण्याआधी काय विचारायचं आणि कुठला कागद बघायचा हे तुला माहीत हवं.

नोकरीबद्दल घरच्यांची काळजी रास्त आहे. सरकारी जागा थोड्या आहेत आणि जाहिरात निघायला वर्षं जातात. पण अभिरक्षकाच्या जागा भरण्याचं काम एमपीएससीकडंच आहे, तेव्हा एमपीएससी आणि संग्रहालय या दोन टोकाच्या वाटा नाहीत, एवढं वडिलांना सांग. बाकी काम बहुतेक कंत्राटी: नोंदवह्यांचं संगणकीकरण (पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं त्यासाठीच "जतन" नावाचं सॉफ्टवेअर केलं), खासगी संग्रहांच्या याद्या, साखर कारखाने आणि सहकारी बँकांची स्मृतिदालनं, शिक्षणसंस्थांचे शताब्दी प्रकल्प. पुण्यात टाटांचं आणि मुंबईत गोदरेजचं स्वतःचं अभिलेखागार आहे, अशा ठिकाणीही आपली मुलं लागतात. पहिली तीनचार वर्षं पगार शिक्षकाच्या पगाराशी ताडून बघण्यासारखा नसतो, हे मनाशी धरून चल. मोडी येत असेल तर मात्र काम तुला शोधत येतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी दफ्तरं आहेत आणि घरोघरी चोपड्या पडून आहेत. मोडीचा वर्ग याच वर्षी लाव, थांबू नकोस.

आता ते काम. तुझ्या पेठेतली किंवा गावातली एक तालीम निवड. वस्तादांची परवानगी घे. मुलीला आखाड्यात जाऊ देतील का, अशी शंका असेल तर वस्तू बाहेर ओट्यावर मागवून घे, आजवर मला कुणी नाही म्हणालेलं नाही. दहा वस्तू घे: गदा, मुदगल आणि करेल (व्यायामाला फिरवायची जड लाकडी साधनं), जुनी ढाल, कुठल्या मैदानात मिळालेला फेटा, भिंतीवरचे फोटो, गणपतीच्या वर्गणीचं जुनं पुस्तक. प्रत्येकीला एक पान. माप सेंटिमीटरमध्ये, वजन काट्यावर करून, कशाची आहे, कुठं झिजलीय, कुठं दुरुस्ती झालीय, काय लिहिलंय जसंच्या तसं, अशुद्ध असेल तर अशुद्धच. मग कुणाकडून आली, कधी, कशी, आणि हे तुला कुणी सांगितलं. त्या माणसाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नकोस. दोघांनी दोन वेगळ्या हकिगती सांगितल्या तर दोन्ही लिही, निवाडा करू नकोस.

फोटो पहिल्यांदा घे. मुदगल अजून पन्नास वर्षं तसंच राहील. पण भिंतीवरच्या फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारा माणूस आज ऐंशीच्या घरात असेल. फोटो चौकटीतून काढायचा नाही, मोबाइलवर सरळ उभं राहून टिपायचा, छापून घ्यायचा, त्या छापावर डोक्यांना आकडे द्यायचे आणि तो कागद घेऊन म्हाताऱ्यांकडं बसायचं. चहाला नाही म्हणायचं नाही, एका बैठकीत दोनतीनच नावं मिळतात.

दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलंस तर जानेवारीपर्यंत दहा पानं होतील. ती घेऊन ये, सोमवार सोडून कधीही, सोमवारी टाऊन हॉल बंद असतं. आधी आपण दोघी पोसायडनसमोर अर्धा तास उभ्या राहू, मग तुझी वही बघू, आणि बडोद्याच्या अर्जाचं त्यानंतर बोलू.